‘सोस्यूर म्हणतो’ : पण कोठे?

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला निबंधासाठी ‘संरचनावाद’ हा विषय दिला की त्याच्या हाती प्रथम एखादा परिचयग्रंथ ठेवला जातो. विषय अपरिचित, तेव्हा सोप्यापासून आरंभ करावा, हा त्यामागील युक्तिवाद. परिणाम ठरलेला असतो. चिन्हक, चिन्हित, चिन्हाची यादृच्छिकता यांच्या व्याख्या क्रमाने उतरविल्या जातात, प्रत्येकीमागे ‘सोस्यूर म्हणतो’ असे लिहिले जाते आणि संशोधन संपते.

सोस्यूर हे कोठे म्हणतो, असे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः ज्या ग्रंथाच्या आधारे हे सारे सांगितले जाते, तो त्याने लिहिलेलाच नाही. १९०७ ते १९११ या काळात त्याने जिनीव्हा येथे सामान्य भाषाविज्ञानावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली. १९१३ मध्ये तो वारला. १९१६ मध्ये बाई आणि सेशए यांनी प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून ग्रंथ सिद्ध केला. या दोघांनी ती व्याख्याने स्वतः ऐकलेली नव्हती. भाषेचा अभ्यास भाषेसाठीच व्हावा, या आशयाचे ग्रंथाचे सुप्रसिद्ध अखेरचे विधान टिपणांत आढळत नाही. ते संपादकांचे आहे. गोदेलने १९५७ मध्ये हस्तलिखित साधनांची छाननी प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये सोस्यूरची स्वतःची टिपणे सापडली आणि २००२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली.

यातील ग्रंथसिद्धीची हकीगत काही गुप्त नाही. संपादकांनी ती प्रस्तावनेतच सांगितली आहे, आणि ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९५९ पासून उपलब्ध आहे. म्हणजे जी गोष्ट मूळ ग्रंथाची पहिली पाने चाळताच कळते, ती ‘सोप्या’ वाटेने जाणाऱ्याला अखेरपर्यंत कळत नाही. मग सोपी वाट कोणती?

मराठीच्या अभ्यासकाला तर हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. ‘लीळाचरित्र’ हाती घेताना चक्रधरांच्या आठवणी कोणी सांगितल्या, म्हाइंभटांनी त्या कशा मिळविल्या, कोणता पाठ ग्राह्य धरावा, हे आपण विचारतोच. हीच चिकित्सा पाश्चात्त्य नावापुढे का थबकते? तेथे आपण अभ्यासक न राहता अनुयायी होतो, हेच याचे उत्तर आहे.

परिचयग्रंथ नकाशा म्हणून जरूर वापरावा. साधन म्हणून त्याचा हवाला देऊ नये. निबंधासाठी संपूर्ण ‘वाद’ देण्याऐवजी त्यातील एकच विधान द्यावे आणि ते कोणाचे, कोठून आले, कोणत्या हातांतून गेले, याचा शोध घेण्यास सांगावे. नवख्याला पडणारे भाबडे प्रश्न हेच संशोधनाचे खरे भांडवल असते. ते पहिल्याच आठवड्यात हिरावून घेणारे अध्यापन उद्याच्या समीक्षेला केवळ उसनी परिभाषा पुरवील.