केशकर्तनकाराची मुलाखत : हाताची परीक्षा, कागदाची परीक्षा

बहुतेक नोकऱ्यांची मुलाखत मेजासमोर बसून होते. केशकर्तनकाराची मुलाखत खुर्चीमागे उभे राहून द्यावी लागते. व्यापारी कुटुंबांतील मुलीही आता केशरचनेचा अभ्यासक्रम पूर्ण करून या क्षेत्रात उतरू लागल्या आहेत. पहिली नोकरी बहुधा शिकण्यात जाते. दोन-तीन वर्षांनी हात बसला, की अधिक चांगल्या सलूनचा शोध सुरू होतो आणि खरी मुलाखत तेव्हा होते. तिच्यात दोन परीक्षा असतात, एक हाताची आणि दुसरी कागदाची. पहिलीची तयारी सर्वजण करतात. नुकसान मात्र बहुधा दुसरीत होते.

हाताच्या परीक्षेला या व्यवसायात ‘ट्रायल’ म्हणतात. उमेदवाराला प्रत्यक्ष व्यक्तीचे केस कापून, ब्लो ड्राय करून दाखवावे लागतात. केसांची बट किती अंशांत उचलून कापली, यावर कटचा आकार ठरतो. बट न उचलता कापल्यास सरळ एका लांबीचा कट मिळतो, ४५ अंशांत उतरता आणि ९० अंशांत लेअर. रंगकामातही कसोटी लागते. केसांची गडदता १ ते १० अशा पातळ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अतिशय फिकट सोनेरी. २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्के असते, ४० व्हॉल्यूममध्ये १२ टक्के. कोणत्या केसांना किती तीव्रता सोसेल, हे ज्याला सांगता येते त्याच्या हाती मालक निर्धास्तपणे ग्राहक सोपवतो.

परंतु अनुभवी मालकाचे लक्ष केवळ कात्रीवर नसते. कात्री उचलण्यापूर्वी उमेदवाराने समोरच्या व्यक्तीला काय विचारले, हे तो पाहतो. केस धुतल्यावर किती आखडतात, यापूर्वी मेंदी किंवा रंग लावला होता का, ॲलर्जी आहे का, या प्रश्नांतून जबाबदारीची जाणीव दिसते. रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी पॅच टेस्ट हवी, असे स्वतःहून सांगणारा उमेदवार सुरेख कट करणाऱ्याहूनही उजवा ठरू शकतो. कंगवा जंतुनाशकात बुडवणे, पाते बदलणे, खाली पडलेले केस लगेच झाडणे, या गोष्टी कोणी सांगत नाही. त्या पाहिल्या मात्र जातात.

नंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “तुमच्याबरोबर किती ग्राहक येतील?” येथे फुगवलेला आकडा सांगण्याचा मोह टाळावा. पहिल्या तीन महिन्यांत तो उघडा पडतो आणि पत जाते. महिन्याला किती ग्राहक केले व त्यांपैकी किती पुन्हा नाव घेऊन आले, एवढे खरे सांगणे पुरेसे असते. जुन्या मालकाची निंदाही करू नये. नवा मालक ती ऐकून घेतो आणि उद्या आपल्याविषयीही हेच बोलले जाईल, हे मनात ठेवतो.

येथवर बहुतेकजण उत्तीर्ण होतात. अटींचा विषय निघाला, की मात्र संकोच सुरू होतो. ज्या घरात मालाचा दर, वटाव आणि उधारीची मुदत ठरल्याशिवाय सौदा होत नाही, त्याच घरातील मुलगी नोकरी स्वीकारताना केवळ पगाराचा आकडा विचारून परतते. सलूनमधील उत्पन्न पगार व इन्सेंटिव्ह असे दोन भागांचे असते, आणि ते एकत्र मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

उदाहरणादाखल दोन प्रस्ताव घ्यावेत. पहिल्यात पगार १८,००० रुपये आणि महिन्याच्या कामाची रक्कम ९०,००० च्या वर गेल्यास वरच्या रकमेवर ८ टक्के. दुसऱ्यात पगार १४,००० रुपये आणि ४२,००० च्या वरच्या कामावर १० टक्के. महिन्याचे काम ६०,००० चे झाले, तर पहिल्यात १८,००० आणि दुसऱ्यात १५,८०० रुपये मिळतील. काम १,००,००० वर गेले, तर पहिल्यात १८,८०० आणि दुसऱ्यात १९,८०० रुपये. दोन्ही प्रस्ताव ८२,००० रुपयांच्या कामाला समान होतात. म्हणजे स्वतःचे ग्राहक अजून जमायचे असतील तर पहिला बरा, जमलेले असतील तर दुसरा. मोठा पगार नेहमीच मोठे उत्पन्न देतो असे नाही.

‘कामाची रक्कम’ म्हणजे काय, हेही विचारून घ्यावे. ती जीएसटी वगळून धरतात का? रंगाच्या ट्यूबची किंमत वजा होते का? सवलतीच्या पॅकेजमधील काम मूळ दराने मोजतात की सवलतीच्या? लग्नसराईत व दिवाळीत साप्ताहिक सुटी रद्द झाल्यास बदली सुटी मिळते का? नियुक्ती कर्मचारी म्हणून आहे की कंत्राटावर? २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो. १० किंवा अधिक असल्यास, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य विमा योजनेचे संरक्षण मिळते. कंत्राटाच्या एका शब्दाने हे दोन्ही हातचे जाऊ शकते.

सर्वांत जपून वाचावा तो बाँड. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. म्हणून ‘नोकरी सोडल्यावर याच भागात दुसऱ्या सलूनमध्ये काम करणार नाही’ ही अट सहसा टिकत नाही. मात्र ठरावीक काळ नोकरी न केल्यास रक्कम भरण्याची अट वेगळी आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच रक्कम देवविते. तरीही न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सही करण्यापूर्वी विचारणे सोपे. प्रशिक्षण कोणते, किती दिवसांचे, खर्च किती आणि दर महिन्याला बाँडची रक्कम घटते का, हे स्पष्ट करून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत आणि प्रत द्यावी.

ज्या कुटुंबांनी स्वतः सलून चालवण्यास घेतले आहे, त्यांनाही हाच हिशेब उपयोगी आहे. कुशल कारागीर बाँडने फार काळ धरून ठेवता येत नाही. दरमहा चोख आणि लेखी मिळणाऱ्या इन्सेंटिव्हच्या हिशेबाने तो टिकतो. अटी विचारणाऱ्या उमेदवाराला उद्धट समजण्याऐवजी तो ग्राहकाचेही असेच नीट ऐकून घेईल, असे मानावे. आणि उमेदवाराने हे लक्षात ठेवावे, की ज्या सलूनला अटी लेखी देणे जड जाते, तेथे पगाराच्या दिवशीही शब्द बदलण्याचा संभव असतो. तेथील ट्रायल उत्तम झाली, तरी होकार देण्याची घाई करू नये.