पर्यावरणप्रेमाची किंमत

पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्या नेत्याच्या प्रामाणिकपणाची झडती त्याच्या घरापासून घेण्याचा प्रघात आहे. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना २००७ साली त्याचा अनुभव आला. तापमानवाढीवरील त्यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळताच टेनेसीतील त्यांच्या निवासस्थानाचा अवाढव्य वीजवापर चव्हाट्यावर मांडण्यात आला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु सत्ताधाऱ्याच्या घरच्या दिव्यांपेक्षा त्याची सही अधिक दूरवर परिणाम करते, आणि त्याची खरी परीक्षा व्हावयास हवी ती तेथेच.

पश्चिम घाटाचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. त्याच वर्षी त्यांनी नवी मुंबई विमानतळाला मंजुरीही दिली. पण ती अटी जाहीर करून. ही तडजोड होती, मात्र उघड, म्हणून तिच्यावर वाद घालता आला. गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला तेव्हा रमेश यांचे खाते बदलले होते. त्यानंतर पर्यावरणाच्या रक्षणार्थ असलेल्या मंत्रालयानेच तो दडवून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करण्याचा आदेश दिल्यावर मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि मे २०१२ मध्ये तेथेही हरले. दांभिकपणा म्हणावयाचा तो याला.

याच अहवालाने प्रामाणिकपणाचाही एक दाखला दिला. केरळमधील दोन्ही प्रमुख आघाड्या त्याच्या विरोधात उभ्या असताना इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस त्याच्या बाजूने ठाम राहिले. मतदारसंघात त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढण्यात आली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. त्यांच्या घरी विजेचे दिवे किती जळत होते, हा प्रश्न त्यापुढे क्षुल्लक ठरतो.

थॉमस यांच्यासारखी किंमत मोजण्याची तयारी इतरत्र क्वचितच दिसली. गाडगीळ समितीच्या शिफारशी सौम्य करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, तरी कर्नाटक, केरळ, गोवा आणि महाराष्ट्र यांनी त्यालाही कमी-अधिक विरोध केला. ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गाडले गेले. बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. दुसऱ्याच दिवशी केंद्राने घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना पुन्हा काढली. २०१४ पासूनची ती सहावी. दरम्यान केंद्रातील सत्तापक्ष बदलला होता.

प्रत्येक दुर्घटनेनंतर सर्वपक्षीय नेते गाडगीळांचे नाव आदराने घेतात. त्या आदराला अर्थ यावयाचा असेल, तर आपापल्या राज्यातील किती गावे यादीतून वगळण्याची मागणी आपल्या सरकारने केली आणि कोणाच्या दडपणाखाली केली, हे त्यांनी आधी जाहीर करावे. श्रद्धांजली त्यानंतर वाहता येईल.