चिप, उंदीर आणि संकल्पी हिंसा

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम चिघळली आणि तेथे रक्तच पोहोचेनासे झाले, की पाय कापण्याची वेळ येते. हे दुःख आपल्या अनेक घरांना परिचित आहे. म्हणूनच अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून २०१७ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन मला महत्त्वाचे वाटते. कोलकात्यात शिकलेले डॉ. चंदन सेन आणि डॉ. जेम्स ली यांच्या पथकाचे ते कार्य.

त्यांचे साधन म्हणजे चिमटीत मावणारी सिलिकॉनची चिप. संगणकाच्या चिपा ज्या कोरीवकामाने घडतात, त्याच रीतीने तिच्यात केसाच्या शतांशाहूनही बारीक नलिका कोरलेल्या असतात. वर जनुकांचे द्रावण ठेवून चिप त्वचेवर टेकवायची आणि सेकंदाहूनही कमी काळ सौम्य विद्युत्स्पंद द्यायचा. विद्युत्क्षेत्र नलिकेच्या तोंडाशी एकवटते, तेथील पेशीच्या आवरणास क्षणभर छिद्र पडते आणि जनुके आत ढकलली जातात. एरवी या कामी बहुधा निरुपद्रवी केलेले विषाणू वापरतात. परंतु शरीर त्यांना शत्रू समजून प्रतिकार करू शकते. ती अडचण येथे टळते. तीन विशिष्ट जनुके आत गेल्यावर त्वचेच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या पेशींचे रूप घेऊ लागल्या. द्रव्य तेच, पर्याय पालटला, असे कोणी म्हणेल. उपमा सुंदर आहे. पण आगमांत चिप शोधण्याचा हव्यास मला पटत नाही.

मात्र हा प्रयोग झाला उंदरांवर. त्यांच्या मागच्या पायाचा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेने बंद करण्यात आला होता. चिपेच्या उपचारानंतर आठवड्याभरात नव्या रक्तवाहिन्या दिसल्या, दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाय वाचला. माणसांसाठी हा उपचार अजून सर्रास उपलब्ध झालेला नाही. कोणी तसे सांगून पैसे मागितल्यास सावध राहावे.

उंदीर पंचेंद्रिय जीव आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी या चतुर्विध हिंसेपैकी ही कोणती? पुष्कळजण तिला उद्योगी म्हणून मोकळे होतात. संशोधन हा व्यवसाय, त्यात घडणारी हिंसा अपरिहार्य, असा युक्तिवाद असतो. मला तो अपुरा वाटतो. शेत नांगरताना जीव मरतो तो अनवधानाने. येथे जीव निवडून, ठरवून जखमी केला जातो. हेतू करुणेचा असला तरी कृती संकल्पपूर्वकच आहे. पाय वाचलेल्या आजोबांना पाहून आनंद व्हावा आणि त्या उंदराचे ऋणही नाकारू नये, इतके तरी आपण करू शकतो.

समाधानाची गोष्ट अशी, की उंदराला मुक्त करू शकेल अशी वाटही याच सूक्ष्म कोरीवकामातून निघते आहे. हार्वर्डमध्ये डोनाल्ड इंगबर आणि डॅन ह्यू यांनी २०१० साली पारदर्शक, लवचीक चिपेवर मानवी फुप्फुसाच्या पेशी वाढवल्या. सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्तासारखा प्रवाह, आणि पडदा श्वासागणिक ताणला जावा अशी योजना. भारतातही २०२३ साली औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा चिपांना प्राणिप्रयोगांचा पर्याय म्हणून मान्यता मिळाली. अर्थात ही मुभा आहे, सक्ती नाही.