साठवण म्हणजे संग्रह नव्हे

लोकसाहित्याच्या चर्चासत्रांत अलीकडे एक समाधान फार स्वस्त झाले आहे. 'आमच्या विभागाकडे इतक्या जीबीचा डिजिटल संग्रह आहे' असे व्यासपीठावरून सांगितले की टाळ्या पडतात. त्या जीबींमध्ये गाते कोण, असे विचारणारा उद्धट ठरतो. तो उद्धटपणा आम्ही येथे करणार आहोत; मात्र त्याची सुरुवात स्वतःपासून करणे न्यायाचे होईल.

२००८ साली आम्ही दोघे परभणीत एम.ए. मराठीचे विद्यार्थी होतो. लघुप्रबंधाचा विषय गंगाखेड तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या हा होता. (जनाबाईचे गाव म्हणून तो निवडला, असे आम्ही प्रस्तावनेत लिहिले, खरे कारण एस.टी.चे भाडे परवडत होते.) पुण्याच्या एका नातेवाइकाकडून आम्ही खिशात मावणारा एक प्लेअर मागून आणला होता. आयपॉड २००१ मध्ये गाण्यांसाठी आला आणि २००४ मध्ये छायाचित्रेही दाखवू लागला. त्याच जातीचे, पण दुसऱ्या कंपनीचे हे यंत्र. आत तीस जीबीची चिमुकली हार्ड डिस्क, आवाज टिपणारा माइक, आणि कॅमेऱ्याचे कार्ड खुपसण्यासाठी एक फट. रोज संध्याकाळी छायाचित्रे त्यात उतरवायची आणि कार्ड पुसून मोकळे करायचे. आमच्या दृष्टीने ती अक्षय कणगीच होती. वही आम्ही तिसऱ्या दिवशी बंद केली. यंत्र सगळे लक्षात ठेवत असताना बोटे कशाला झिजवायची?

लघुप्रबंध जमा करण्याच्या महिनाभर आधी त्या डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळा झाला. नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याने खटपट करून २१२ ध्वनिफिती परत मिळवून दिल्या. छायाचित्रे गेली ती गेलीच. ही कथा सांगितली की सहकारी म्हणतात, "दुसरी प्रत ठेवायला हवी होती. आता तर क्लाउड आहे." येथेच आमचा मतभेद आहे. वाचलेल्या त्या २१२ फिती आजही स्वच्छ वाजतात. बाई ओवी गाते, मध्येच खोकते, मागे शेळी ओरडते. पण फितीला नाव म्हणून फक्त आकडा आहे. यंत्राचे घड्याळ आम्ही कधी लावलेच नव्हते, म्हणून प्रत्येक फितीची तारीख एकच. ही बाई कोण, तिचे माहेर कोणते, ओवीतला भाऊ खरा की मानलेला, हे आम्हाला सांगता येत नाही. यंत्र धडधाकट राहिले असते तरी सांगता आले नसते. दहा प्रती काढल्या असत्या तर हेच अज्ञान दहा ठिकाणी सुरक्षित राहिले असते.

जुन्या काळी आपल्याकडे धान्य पेवात पुरत. पेवाची जागा जाणणारा माणूस गेला की धान्य असूनही घर उपाशी राहायचे.

वहीचे गोडवे गाऊन यंत्राला हिणवणाऱ्यांच्या पंक्तीला आम्हाला बसवू नये. कागदावर उतरलेल्या ओव्यांतून चाल गळाली, श्वास गळाला, आणि कित्येकदा संपादकाने बोलीही 'शुद्ध' करून टाकली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांचे काम आम्हाला मोठे वाटते ते एवढ्याचसाठी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गाव, गाणारी आणि विषय यांच्या नोंदींसह आधी लिहून काढल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण झाले, ते या नोंदींच्या आधाराने. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. म्हणूनच २०१७ पासून 'परी' संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हा आवाजाबरोबर बाईचे नाव, गाव आणि तिची हकिगतही वाचकांपर्यंत पोहोचली.

आमची खरी चूक याहून खोल होती. ते यंत्र मुळात वाजवण्यासाठी केलेले होते आणि आम्ही त्याची कोठी केली. एकदाच, गमतीखातर, एका आजीच्या कानात इअरफोन घालून तिचीच ओवी तिला ऐकवली. ती दचकली, मग लाजली, आणि म्हणाली, "चुकलं की रं लेकरा, हिथं थोरलीचं नाव येतंय." तिने ओवी दुरुस्त केली आणि न विचारता आणखी चार गायल्या. त्या दिवसांत एवढे एकच खरे संशोधन झाले, आणि बॅटरी संपेल म्हणून आम्ही ते थांबवले!

आज विद्यार्थ्यांच्या हाती त्याहून कितीतरी समर्थ फोन आहेत आणि विभागांच्या कपाटांत पेन ड्राइव्ह साचताहेत. मूल्यांकन समिती आली की ते टेबलावर मांडले जातात. त्यातली एक तरी फीत गाणारणीच्या अंगणात परत वाजली का, हा प्रश्न कोणत्याही प्रपत्रात नसतो. आमच्या वर्गात सध्या प्रत्येक फितीमागे वहीचे एक पान मागितले जाते: नाव, माहेर, सासर, ओवी कोणाकडून शिकली, ऐकवल्यावर काय म्हणाली. मुले कुरकुरतात. दोघांनी विषयच बदलून घेतला.

फीत क्रमांक ४७ मधली बाई गोदावरीचे नाव घेते आणि धाकट्या दिराला 'बापू' म्हणते. एवढ्या खुणेवर येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नदीकाठच्या गावांतून फिरणार आहोत. फिती फोनवर घेतल्या आहेत, आणि सोबत एक छोटा स्पीकरही. म्हाताऱ्या कानांना इअरफोन टोचतो.