पाहणारा सुटतो, दुकानदार अडकतो!

सायबर कॅफे किंवा ऑनलाइन फॉर्मचे दुकान चालवणाऱ्या बालाघाटच्या आपल्या मुलांसाठी हे लिहीत आहोत.

केंद्राचे २०११ चे सायबर कॅफे नियम सांगतात: गिऱ्हाइकाचे ओळखपत्र तपासा, नोंदवहीत नाव-वेळ लिहा, त्याने उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद वर्षभर जपा, अश्लील स्थळे पाहू नयेत अशी पाटी लावा. म्हणजे पाहणार गिऱ्हाईक आणि चौकशीला तोंड देणार दुकानदार! अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यात वयाच्या नोंदी निदान अशा चित्रांचा धंदा करणाऱ्यांकडून मागितल्या जातात. आपल्याकडे फॉर्म भरून देणाऱ्याच्या गळ्यात घंटा.

२००४ साली बाझी डॉट कॉमवर एका विद्यार्थ्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. अटक झाली कंपनीप्रमुख अवनीश बजाज यांना. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटला २०१२ मध्ये रद्द केला. आठ वर्षे! कंपनीला वकील परवडतात हो, आपल्या पोराला कोण?

आमची मागणी: पोलिसांनी आधी नोंदवही पाहावी, मग दुकानदाराला हात लावावा. आणि मुलांनो, वही कोरी ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण नियम पाळणाऱ्यालाच मिळते.