भेट जेव्हा ‘देणे’ होते

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस आपण गीताजयंती साजरी करतो, त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत नाताळच्या भेटवस्तूंची खरेदी ऐन भरात येते. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो निकटचा आहे. नाताळच्या भेटींत आनंदाबरोबर जो वैताग शिरला आहे, त्याचे निदान गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते.

पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाल येशूपुढे सोने, ऊद व गंधरस ठेवले आणि ते स्वदेशी परतले, अशी कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्या देण्यात परतफेडीची अपेक्षा नव्हती. पुढे मात्र प्रथेची सक्ती झाली. वरिष्ठांच्या भेटीसाठी नोकरदार स्त्रियांना आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी द्यावी लागे. तिला विरोध करण्यासाठी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटींच्या विरोधात एक संस्थाच निघाली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सभासद झाले.

१९९३ मध्ये जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींविषयी विचारले. भावनिक मोल बाजूला ठेवले, तर भेटीच्या किमतीचा एकदशांश ते एकतृतीयांश भाग घेणाऱ्याच्या लेखी वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. जिवलगांच्या भेटींत ही तूट कमी आढळली, तर दूरच्या आप्तांच्या भेटींत अधिक. म्हणजे उणीव पैशाची नव्हती. घेणाऱ्याला ओळखण्याची होती.

परतफेडीवर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असता दिलेले, ते राजस दान, असे भगवंतांनी सांगितले आहे. देणे हेच कर्तव्य मानून योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. सुदामा पोहे पुढे करण्यास लाजत होता. भगवंतांनी ते ओढून घेतले, कारण त्यांची दृष्टी पोह्यांच्या मोलावर नव्हती.

हे वाचून परक्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्या घरीही आहेराची वही असते. कोणी किती दिले, हे पाहून आपण किती द्यायचे ते ठरते. दिवाळीतील सुक्या मेव्याची बंद पेटी चार घरे फिरून येते. ज्याची ऐपत नाही तो उसने काढून आहेर करतो आणि वर्षभर फेडतो. मराठीत दान आणि कर्ज या दोहोंनाही ‘देणे’ म्हणतात. पहिल्याचे दुसरे केव्हा झाले, हे आपल्याला कळतही नाही.

आपल्या पूर्वजांनी दसऱ्याला आपट्याचे पान आणि संक्रांतीला तिळगूळ देण्याची रीत घातली. या भेटीने कोणी कर्जबाजारी होत नाही, कोणाला खाली पाहावे लागत नाही. पुढच्या मंगलकार्यात निदान एका घरी वही न उघडता, त्या घराची गरज विचारून द्यावे. गीताजयंतीचे तेवढे पारायण पुरे आहे.