विश्लेषण : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये हंगाम संपताच अफवांचा बाजार का भरतो?

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा २०२५ चा अंतिम सामना ७ एप्रिलला सॅन अँटोनिओत झाला. फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवले. पुढल्या हंगामाची पळापळ मात्र २४ मार्चलाच सुरू झाली होती. विजेतेपदाची स्पर्धा रंगात असताना 'ट्रान्सफर पोर्टल' उघडले आणि दोन हजारांहून अधिक पुरुष खेळाडूंनी त्यात नावे नोंदवली. कोण कुठे जाणार, किती घेणार, याच्या कुजबुजीने मग बातम्यांची जागा घेतली. खेळाडूंची निष्ठा संपली, असे या गोंधळाचे निदान केले जाते. ते सोयीचे आहे, खरे नाही.

पोर्टल म्हणजे काय?

कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ही संगणकीय नोंदवही. कॉलेज क्रीडेची नियामक संस्था 'एनसीएए'ने ती २०१८ मध्ये सुरू केली. यात नाव आले की इतर प्रशिक्षक थेट संपर्क साधू शकतात. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्याला बहुधा वर्षभर बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा सूट मिळाली. न्यायालयीन दणक्यानंतर २०२४ पासून, अभ्यासात पात्र असेल तर, कितीही वेळा जाता येते. २०२१ च्या जुलैपासून नाव आणि छबीवर कमाईही खुली झाली. जून २०२५ च्या तडजोडीनंतर तर विद्यापीठेच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

निष्ठा कोणी सोडली?

एप्रिल २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी १५ हंगामांनंतर केंटकी सोडून आर्कान्साला गेले. त्यांच्या जागी आलेल्या मार्क पोप यांच्या हाती आधीच्या हंगामातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू उरला नाही. सगळा संघ नव्याने जमवावा लागला. प्रशिक्षकांना अशी मोकळीक कायमच होती. कोट्यवधींचे करार मोडून ते रातोरात जात आणि त्याला 'कारकीर्द' म्हटले जाई. तेच विशीतल्या मुलाने केले की तो लोभी.

खरी अडचण वेगळी आहे. बाजार उघडला, पण भावफलक नाही. एनबीएमध्ये खेळाडूंची संघटना आहे, सामूहिक करार आहे, कोणाला किती मिळते हे साधारण सर्वांना ठाऊक असते. कॉलेजात कोणत्या खेळाडूला किती, हे सहसा जाहीर होत नाही. मग दलाल सांगेल तो आकडा आणि पत्रकाराला मिळेल ती कुजबुज. अफवा इथे करमणूक राहत नाही, ती भाव ठरवण्याचे साधन बनते. अशा आकड्यावर विसंबून जागा सोडणाऱ्याला पुढे कोणी घेतलेच नाही, तर जुनी शिष्यवृत्तीही परत मिळेल याची हमी नाही. परदेशी विद्यार्थ्यांची कोंडी आणखी वेगळी. विद्यार्थी व्हिसावर कमाईला कडक बंधने असतात. पर्ड्यूचा कॅनडियन खेळाडू झॅक इडी सलग दोनदा देशातील सर्वोत्तम ठरला, तरी त्यालाही ती जाचली.

लहान कॉलेजांचे काय?

फ्लोरिडाच्या विजेत्या संघातील वॉल्टर क्लेटन आयोनातून आला, विल रिचर्ड बेलमाँटमधून, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. खेळाडूंचे भले झाले, यात वाद नाही. पण घडवणाऱ्या कॉलेजला काय मिळाले? युरोपीय फुटबॉलमध्ये तरुण खेळाडू मोठ्या क्लबकडे गेला की त्याला तयार करणाऱ्या क्लबला भरपाई मिळते. तसे इथे करायचे, तर आधी दोन-तीन वर्षांचे जाहीर करार हवेत आणि त्यासाठी समोर वाटाघाट करणारी संघटना हवी. विद्यापीठे इथेच अडतात. खेळाडूला पैसे द्यायला ती तयार झाली आहेत, त्याला कर्मचारी म्हणायला अजून नाहीत.